कार्बन रोड बाईकच्या फ्रेमवर हलके पार्ट बसवायचे, तर आधी फ्रेमचं माप घ्या

वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या गावांतले बरेच पोरं आता सेकंडहँड कार्बन फ्रेम मागवून वरचे पार्ट स्वतःच जमवून राहिले. लय चांगली गोष्ट आहे. पण खरेदी सुरू होते ग्रॅमपासून, कोणता क्रँक (पॅडल लागतात तो भाग) किती ग्रॅम, कोणती सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) किती ग्रॅम, आणि ते आपल्या फ्रेमला बसते का हे पाहणं राहते शेवटी. राजेहो, हे उलटं करा. पुण्यात चुकीचा पार्ट आला तर माणूस संध्याकाळी दुकानात जाऊन बदलून आणते, आर्णी नाहीतर घाटंजीत बसून मागवलेला बॉटम ब्रॅकेट (ज्यात क्रँकचा दांडा फिरते ते बेअरिंग) चुकला तर कुरिअर परत पाठवा, पैसे अडकले, नवीन ऑर्डर, आणि तोवर फ्रेम भिंतीला टेकून उभी.

माप घ्यायला वर्निअर कॅलिपर लागते. विकत घ्यायची गरज नाही, तालुक्याच्या लेथवाल्याकडे असतोच, नाहीतर ओळखीचा कोणी आयटीआयमध्ये शिकत असेल तर त्याला म्हणा. टॉर्क रेंच मात्र स्वतःचा घ्या, ५ न्यूटन मीटरच्या आसपास नीट चालणारा छोटा. कार्बनवर हाताच्या अंदाजानं बोल्ट आवळणं म्हणजे फ्रेम फोडायची तयारी. फ्रेम हातात आली की आधी हेड ट्यूब (हँडलखालची नळी), बॉटम ब्रॅकेटचा भाग आणि चेनस्टे (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) मोबाईलच्या टॉर्चखाली नीट पाहून घ्या, रंगाच्या खाली गेलेली चीर दिसली तर पार्टचा विचार तिथंच थांबवा आणि फ्रेम परत करा.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणून यावर वेळ घालवा. तीन गोष्टी पाहायच्या: शेलची (फ्रेमच्या ज्या नळीत तो बसते तिची) रुंदी, आतल्या भोकाचा व्यास, आणि आत आटे आहेत का गुळगुळीत आहे. रुंदी ६८ मिमी आणि आत आटे असले तर तो बहुतेक बीएसए, सगळ्यात सोपा प्रकार, फक्त चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या उलट फिरवला की टाईट होते, हे मिस्त्रीला आधीच सांगा काहून की जोर लावून आटे खराब झाले तर कार्बन फ्रेममध्ये ते काम लय महागात जाते. रुंदी ८६.५ आणि भोक गुळगुळीत ४१ मिमी असलं तर बीबी८६. रुंदी ६८ आणि भोक ४६ तर पीएफ३०, भोक ४२ असलं तर बीबी३०. भोक मोठं, ४७ च्या आसपास आणि आटे असलेलं, तर टी४७.

आता क्रँक. शिमानो कंपनीच्या रोड क्रँकचा दांडा २४ मिमीचा, स्रॅम कंपनीच्या डब (DUB) प्रकारच्या क्रँकचा जवळपास २९, आणि बऱ्याच हलक्या क्रँकचा ३०. इथंच हलक्याच्या मागं लागून घोटाळा होते. बीबी८६ च्या ४१ मिमी भोकात ३० चा दांडा घातला की बेअरिंगला जागाच उरत नाही, आतल्या गोळ्या एकदम बारीक राहतात, आणि आपल्या काळ्या मातीची धूळ, पावसाळ्यात शेतरस्त्याचा चिखल, यात ते बेअरिंग किती दिवस टिकणार? बीबी८६ फ्रेम असली तर माझं स्पष्ट मत, शिमानोचा २४ चाच घ्या, थोडे ग्रॅम जास्त गेले तरी चालते. प्रेसफिट कप (आटे नसलेल्या भोकात दाबून बसवायचे) हातोड्यानं ठोकून बसवू देऊ नका. बेअरिंग प्रेस नसला तर लांब आटेवाला रॉड, दोन्हीकडून जाड वॉशर आणि नट, हळूहळू सरळ आवळत न्यायचं.

हेडसेटचं (हँडल वळते तिथल्या बेअरिंगचं) सोपं आहे, जुनं बेअरिंग काढा, त्याच्या कडेवर माप आणि कोन कोरलेला असते, ३६ बाय ४५ किंवा ४५ बाय ४५. तेच्यातेच घ्या. कोन चुकला तर बेअरिंग बसल्यासारखं वाटते पण हँडल खटखट करत राहते.

गियरमध्ये एकाच घरातलं सामान घ्या. शिफ्टर (हँडलवरचा गियरचा खटका) एका कंपनीचा, डिरेलर (चेन एका दातचक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) दुसऱ्याचा असं केलं तर केबल ओढायचं प्रमाण जुळत नाही आणि गियर कधीच नीट लागत नाही. एकाच कंपनीतही फसगत होते, शिमानोचा टियाग्रा ४७०० हा गियर सेट दहा स्पीडचा (मागं दहा गियर) आहे पण त्याची केबल ओढ अकरा स्पीडसारखी, जुन्या दहा स्पीडच्या डिरेलरशी त्याचं जमत नाही. फ्रेम रिम ब्रेकची (पॅड चाकाच्या रिमवर घासते ती) असली तर शिमानोचा १०५ नावाचा बारा स्पीड सेट पाहूच नका, तो फक्त डिस्कसाठी निघाला आहे, तुमच्यासाठी आधीचा १०५, आर७००० हा अकरा स्पीडवाला बरोबर. त्यात पण मागचा डिरेलर दोन प्रकारचा येते, छोट्या केजचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग छोटा) ३० दातांपर्यंत चालते, लांब केजचा ३४ पर्यंत. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा असला तर लांब केजच घ्या, समोर ३४ मागं ३४, गुडघे दुवा देतील.

कॅसेट (मागच्या दातचक्र्यांचा गठ्ठा) घेण्याआधी चाकाचा फ्रीहब, म्हणजे ती ज्यावर बसते तो हबचा भाग, पाहा. शिमानोचा अकरा स्पीड रोड फ्रीहब दहावाल्यापेक्षा १.८५ मिमी लांब आहे, म्हणून जुन्या दहा स्पीड चाकावर अकराची नेहमीची रोड कॅसेट बसत नाही. शिमानोची बारा स्पीड रोड कॅसेट मात्र अकराच्याच फ्रीहबवर जाते. स्रॅमची दहा दातांपासून सुरू होणारी बारा स्पीड कॅसेट एक्सडीआर (XDR) नावाच्या वेगळ्या प्रकारचा फ्रीहबच मागते.

चाकांचे अॅक्सल पण मोजा. जुन्या रिम ब्रेक फ्रेममध्ये क्विक रिलीज (खटक्यानं आवळायचा बारीक अॅक्सल), समोर १०० आणि मागं १३० मिमी. नव्या डिस्क फ्रेममध्ये बहुतेक थ्रू अॅक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड अॅक्सल), समोर १२ बाय १००, मागं १२ बाय १४२. डिस्क कॅलिपर (डिस्क दाबणारा ब्रेकचा भाग) फ्लॅट माउंट आहे का पोस्ट माउंट, म्हणजे फ्रेमवर कोणत्या प्रकारानं बसते, तेही पाहा, आणि फ्लॅट माउंटच्या मागच्या बोल्टची लांबी चेनस्टेच्या जाडीवर ठरते, ती न मोजता मागवू नका. रिम ब्रेकमध्ये बोल्टच्या भोकापासून रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजायचं, ३९ ते ४९ मध्ये आलं तर साधा शॉर्ट रीच कॅलिपर बसते.

वजन कमी करायचं ते खरं चाकं आणि टायरमध्ये. साध्या चाकांची जोडी दोन किलोच्या जवळ जाते, चांगली कार्बन जोडी दीड किलोच्या आसपास. पण हिशोब करून पाहा: माणूस ७५ किलो, सायकल ९, एकूण ८४, त्यातले अर्धा किलो कमी झाले म्हणजे ०.६ टक्के. तासाभराच्या चढावर वीसेक सेकंद, तेही जेमतेम. आणि वर्धा ते यवतमाळ रस्त्यावर समोरून वारा असला तर तेवढंही नाही. म्हणून अर्ध्या किलोसाठी कर्ज काढू नका, आणि त्या नादात टायर तर बिलकुल पातळ घेऊ नका. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे आणि सराटे बाराही महिने पडलेले, रेसिंगचे पातळ टायर इथं पंक्चर काढण्यातच दिवस घालवतात.

फ्रेममध्ये जागा असली तर २८ मिमीचा टायर घ्या, ट्यूबलेस, आत सिलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव). जागा मोजताना टायरवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, रुंद रिमवर २८ चा टायर ३० पर्यंत फुगते, आणि दोन्हीकडून चार मिमी तरी मोकळी जागा पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात चिकट काळी माती अडकून चाक फ्रेम घासते. उन्हाळ्यात पारा ४५ वर गेला की सिलंट लवकर वाळते, तेव्हा महिन्याला एकदा उघडून पाहा. हुकलेस रिम (टायर धरायला आत वळलेली कड नसलेली) असली तर ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या वर हवा भरू नका, आणि टायरही त्या रिम कंपनीच्या यादीतलाच घ्या. पंपवाल्याच्या कॉम्प्रेसरवर तर अजिबात नेऊ नका. कार्बन रिमवर रिम ब्रेक असले तर पॅड कार्बनचेच लावा, आणि घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते.

टीपीयू (पातळ प्लास्टिकसारख्या) ट्यूब लय हलक्या, चाळीसेक ग्रॅमच्या, साध्या ट्यूबपेक्षा अर्ध्याहून कमी. स्पेअर म्हणून खिशात ठेवायला उत्तम, पण रिम ब्रेकच्या चाकात घालायच्या आधी पाकिटावर परवानगी आहे का ते वाचा.

सीटपोस्टचा व्यास फ्रेमवर नाहीतर जुन्या पोस्टवर लिहिलेला असते, बरेचदा २७.२ नाहीतर ३१.६. चपट्या एअरो पोस्ट त्या त्या फ्रेमच्याच चालतात. कार्बन पोस्टला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट लावा, आणि कमीत कमी आत जायची जी रेघ असते तिच्या वर काढू नका. अॅल्युमिनियमची पोस्ट कार्बन फ्रेममध्ये असली तर अधूनमधून काढून साफ करा, घामाच्या खारटपणानं ती आतच धरून बसते. फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा) वर हँडलकडे जाणारा दांडा कार्बनचा असला तर आत ठोकायचा स्टार नट कधीच ठोकायचा नाही, आतून फुलून बसणारा एक्स्पांडर प्लगच लागते. टायटॅनियम बोल्टचा मोह असला तर बॉटल केजला लावा, स्टेम (हँडल धरणारा भाग) आणि ब्रेकचे बोल्ट कंपनीचेच राहू द्या.

पहिल्या ऑर्डरमध्येच एक डिरेलर हँगर (मागचा डिरेलर ज्यावर बसते ती फ्रेमची छोटी पट्टी) जास्तीचा मागवा. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असते, म्हणून जुना काढून त्याचा फोटो आणि भोकांची मापं विकणाऱ्याला पाठवा, फ्रेमचं नाव सांगून भागत नाही. सायकल एकदा उजव्या बाजूला पडली की तोच वाकते, आणि तालुक्याच्या दुकानात तो मिळत नाही. पार्ट आले की पाकीट फोडायच्या आधी व्हिडिओ काढा, मापं वर्निअरनं पुन्हा तपासा, आणि सगळं जुळल्यावरच फोर्कचा दांडा कापा.