ड्रॅग रेसच्या इंजिनासाठी हेडर निवडताना या चुका टाळा

हेडर म्हणजे सिलिंडरांचा धूर वेगवेगळ्या पाइपांनी (प्रायमरी) बाहेर काढून शेवटी एका जाड नळीत (कलेक्टर) आणणारा संच. तो दिसायला देखणा आणि खोक्यातून काढला की मिरवता येतो, म्हणून नवं इंजिन बांधायला घेणारे बरेच जण तो सगळ्यात आधी विकत घेतात. घोळ तिथेच सुरू होतो. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कोणता, हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्हचा भाग) कोणतं, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारा भाग) किती आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) पकडतो, गिअर किती आरपीएमला टाकणार, हे ठरल्याशिवाय हेडरचा पाइप किती व्यासाचा हवा हे कुणालाच सांगता येत नाही. हेडर ही यादीतली शेवटची खरेदी.

पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीचं घर अमेरिका. तिथल्या हौशी रेसरच्या बॉनेटखाली ३५० क्युबिक इंचांचं (५.७ लिटर) स्मॉल ब्लॉक शेव्हरले व्ही-८ पिढ्यान्‌पिढ्या बसत आलं आहे. म्हणून इथली आकडेमोड त्याच इंजिनाची, टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेली.

"मोठा पाइप म्हणजे जास्त ताकद"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. प्रायमरी पाइपमधून वायू वेगाने गेला तर त्याच्या मागे पोकळी तयार होते. ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असताना, तीच पोकळी सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते आणि ताजं मिश्रण आत यायला मदत करते. पाइप गरजेपेक्षा मोठा झाला की वेग मरतो, ओढ मरते आणि कमी आरपीएमला धूर उलटा सिलिंडरात शिरतो.

अंदाजासाठी एक जुनं सूत्र कामाचं आहे. एका सिलिंडरचं आकारमान क्युबिक इंचांत घ्या, ज्या आरपीएमला टॉर्कचं शिखर हवं त्याने गुणा आणि ८८,२०० ने भागा. उत्तर येतं ते पाइपच्या आतल्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस इंचांत. ३५० च्या एका सिलिंडरचं आकारमान ४३.७५ क्युबिक इंच. १८ गेजच्या (भिंत ०.०४९ इंच) पाइपाला हेच सूत्र उलटं लावलं की १ ३/४ इंची पाइप टॉर्कचं शिखर ४,३०० आरपीएमच्या आसपास आणतो, १ ७/८ इंची ५,००० ला आणि २ इंची ५,७०० ला. ताकदीचं शिखर साधारण त्याच्या दीड-दोन हजार पुढे. ५४० क्युबिक इंचांच्या बिग ब्लॉकला मात्र २ १/४ इंची पाइप लावूनही टॉर्कचं शिखर ४,७५० लाच येतं. म्हणजे शेजारच्या पिटमधल्या माणसाचा हेडर बघून आपला मागवण्यात अर्थ नाही. त्याचं इंजिन वेगळं, हिशोब वेगळा.

इथे एक बारीक गफलत होते. कॅटलॉगमध्ये छापलेला व्यास बाहेरचा असतो. तोच १ ७/८ इंची पाइप १६ गेजचा (भिंत ०.०६५ इंच) घेतला तर आतलं क्षेत्रफळ साडेतीन टक्क्यांनी घटतं. सूत्र लावताना दोन भिंती वजा करा.

आता गिअरबॉक्सकडे बघा. टर्बो ३५० ऑटोमॅटिकचं पहिलं गिअर २.५२, दुसरं १.५२. ७,२०० ला गिअर बदलला तर गणिताने आरपीएमचा काटा ४,३५० च्या आसपास पडायला हवा. ५,२०० ला पकडणारा कन्व्हर्टर असेल तर तो काट्याला तिथेच अडवतो, इंजिन ५,२०० ते ७,२०० मध्ये खेळत राहतं आणि २ इंची हेडर शोभतो. कन्व्हर्टर रस्त्यावरच्या गाडीचा, २,८०० चा असेल तर काटा खरंच ४,३०० ला येतो. मग तोच २ इंची हेडर दुसऱ्या गिअरमध्ये गाडीचं नाक दाबतो. इंजिन एकच, हेडर एकच, पण एका गाडीला तो बरोबर आणि दुसरीला चूक.

डायनोच्या कागदावर भाळणं

डायनोवर (इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर) मोठ्या हेडरने शिखराला आठ-दहा अश्वशक्ती जास्त दाखवली की माणूस खूश होतो. गाडी शिखरावर किती क्षण असते? आलेखाखालचं क्षेत्रफळ बघायचं, तेही गिअर बदलल्यावर काटा जिथे पडतो तिथपासून गिअर टाकण्याच्या आरपीएमपर्यंतचं.

त्याहून खरी साक्ष टाइम स्लिपची, म्हणजे धावेनंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीची. तिच्यावर ६०, ३३०, ६६०, १,००० आणि १,३२० फुटांचे आकडे असतात. हेडर बदलल्यावर ६० फुटांची वेळ वाढली, पण शेवटचा वेग चढला, तर पाइप मोठा झाला. ६० आणि ३३० फूट झकास, पण १,००० फुटांनंतर गाडी पडते आणि वेग उतरतो, तर पाइप लहान आहे किंवा कलेक्टर कमी व्यासाचा आहे. तुलना करताना हवेची घनता सारखी हवी. सकाळच्या थंडीतली एक धाव आणि दुपारच्या उन्हातली दुसरी शेजारी ठेवून हेडरला दोष देऊ नका. प्रत्येक हेडरवर किमान तीन धावा घ्या, टायरचा दाब आणि लाँचचा (सुटतानाचा) आरपीएम तोच ठेवून.

टॉप फ्युएलची नक्कल

प्रत्येक सिलिंडरला आकाशाकडे वळलेला सुटा पाइप, कलेक्टर नाही, त्याला झूमी म्हणतात. टॉप फ्युएल, म्हणजे सगळ्यात वेगवान वर्गाच्या ड्रॅग गाड्यांवर तो रास्त आहे, कारण तिथे सुपरचार्जर मिश्रण रेटून आत कोंबतो, ओढीची गरज उरत नाही, आणि वर फेकलेल्या धुराच्या धक्क्याने मागची चाकं पट्टीवर दाबली जातात. कार्ब्युरेटरवरच्या साध्या इंजिनाला झूमी लावले की कलेक्टरमुळे मिळणारी ओढ जाते, मधल्या आरपीएमचा टॉर्क गळतो. फोटो मात्र छान येतात.

लांबीवर जीव टाकणं, कलेक्टर विसरणं

लांबीचं गणित लाटेचं आहे. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपमधून सेकंदाला सुमारे १,७०० फुटांनी धावते, कलेक्टरशी आपटून ऋण दाबाची होऊन परत येते. ती ओव्हरलॅपमध्ये व्हॉल्व्हपाशी पोहोचायला हवी. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बॉटम डेड सेंटरच्या (पिस्टन सगळ्यात खाली असतो त्या क्षणाच्या) किती अंश आधी उघडतो ते कॅम कार्डावर असतं. त्यात १८० मिळवा, ८५० ने गुणा, आरपीएमने भागा, ३ वजा करा. ८० अंश आणि ७,००० आरपीएम धरले तर साडेअठ्ठावीस इंच येतात. पण आठही पाइप अगदी सारख्या लांबीचे हवेत म्हणून चौपट पैसे मोजायची गरज नाही. दोन-तीन इंचांच्या फरकाने होणारं नुकसान चुकीच्या व्यासाच्या मानाने किरकोळ असतं.

खरी हयगय कलेक्टरची होते. ढोबळ मानाने प्रायमरीच्या पावणेदोन पट व्यास धरा. १ ७/८ इंचाला सव्वातीन येतो, म्हणजे बाजारातला ३ किंवा ३ १/२ इंची. कलेक्टर हेडरच्या टोकाला आखूड कापून सोडला तर टॉर्क पडतो. त्याला १० ते १८ इंचांची जोडनळी लावून बघा. नेमकी कुठे कापायची, यासाठी रेसरांची जुनी युक्ती आहे: नळी मुद्दाम लांब ठेवा, तिच्यावर लांबीच्या दिशेने साध्या एनॅमल रंगाचा पट्टा मारा आणि एक पूर्ण धाव घ्या. रंग जिथपर्यंत जळतो आणि जिथून शाबूत राहतो, तिथे कापा. पुढे टाइम स्लिप बघून इंच-इंचाने बदल करता येतो, म्हणून पहिल्यांदा जरा लांबच कापलेली बरी.

या व्ही-८ ची एक खोड लक्षात ठेवा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२. डाव्या बाजूला ५ आणि ७, उजव्या बाजूला ८ आणि ४ हे सिलिंडर फक्त ९० अंशांच्या अंतराने फुटतात, त्यामुळे एकाच कलेक्टरमध्ये त्यांचे धक्के एकमेकांवर येतात. चारही पाइप टोकदार होत एकत्र मिळतात तो मर्ज कलेक्टर हा त्रास कमी करतो. चार पाइप आणि मधे चौकोनी भोक असलेल्या स्वस्त कलेक्टरमध्ये तिथेच भोवरा होतो. मधे निमुळता तुकडा वेल्ड करून ते भोक बुजवता येतं.

पोर्टपाशी ओठ

फ्लँजचं (हेडर हेडला बोल्टने धरणाऱ्या जाड पट्टीचं) भोक हेडच्या पोर्टपेक्षा (धूर निघायच्या तोंडापेक्षा) लहान असेल तर धुराच्या वाटेत पायरी तयार होते आणि तिथेच प्रवाह फाटतो. उलट भोक सगळीकडून किंचित मोठं असलं तर बिघडत नाही. उलटा शिरणारा धूर त्या काठाला अडखळतो, हा फायदाच. गॅस्केट आधी हेडवर ठेवून पोर्टचा काठ आखा, मग फ्लँजवर ठेवून आखा. दोन्ही आखणी जुळली नाही तर फ्लँज घासा. गॅस्केट पोर्टमध्ये डोकावत असेल तर ते जळून सुटतं आणि आठवड्याभरात टिकटिक सुरू होते.

रेसचे ॲल्युमिनियम हेड घेतले असतील तर आधी एक चौकशी करा: एक्झॉस्ट पोर्ट मूळ जागेपासून किती वर उचलला आहे? उचललेल्या पोर्टमुळे हेडर वर सरकतो आणि स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा चेसिसला टेकतो. स्पार्क प्लग सरळ आहेत की तिरके, हेही विचारा. नाहीतर पाइप प्लगच्या टोपणाला चिकटतो आणि वायर दोन धावांत जळते.

गाडी जॅकवर असताना सगळं छान मोकळं दिसतं. लाँचला मात्र टॉर्कच्या झटक्याने या इंजिनाची डावी बाजू वर उचलली जाते. रबरी माउंट असतील तर त्या बाजूला किमान अर्धा इंच जागा सोडा. कलेक्टर जमिनीपासून किती वर आहे तेही बघा. पुढची चाकं उचलून खाली आपटणाऱ्या गाडीत पहिला मार त्यालाच बसतो.

गळती आणि खोटं रीडिंग

पातळ फ्लँज वेल्डच्या उष्णतेने वाकतो. ३/८ इंच जाडीचा घ्या. बसवण्याआधी त्यावर सरळ पट्टी ठेवून ०.०१० इंचाचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) सरकतो का पाहा. सरकला तर फ्लँज सपाट करून घ्या, दोन गॅस्केट लावून वेळ मारून नेऊ नका. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत आवळायचे. ॲल्युमिनियम हेडमध्ये धाग्यांना अँटी-सीझ लावा, म्हणजे पुढच्या वेळी बोल्टबरोबर धागे बाहेर येणार नाहीत. इंजिन गरम होऊन पूर्ण थंड झालं की पुन्हा आवळा, असं तीन वेळा. गरम असताना पान्हा लावू नका.

गळतीचा आवाज ही किरकोळ तक्रार. मोठा धोका धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरचा. धुराच्या दोन धक्क्यांमध्ये पाइपात पोकळी होते आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, तो मिश्रण पातळ असल्याचं सांगतो, आणि माणूस जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची भोकं) मोठे करत सुटतो. प्लग काळे पडतात, गाडी अजून मंदावते. उघड्या, आखूड कलेक्टरमध्ये गळती नसतानाही हेच होतं, विशेषतः आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना). म्हणून सेन्सर कलेक्टरच्या टोकापासून आत, वरच्या अर्ध्या भागात बसवा, पुढे जोडनळी ठेवा, आणि आयडलचं रीडिंग प्लगचा रंग बघितल्याशिवाय मानू नका.

कोटिंग आणि पट्टी

नव्या सिरॅमिक कोटिंगच्या हेडरवर नवं इंजिन किंवा फ्लॅट टॅपेट कॅम ब्रेक-इन करू नका, म्हणजे पहिल्यांदा चालवून रुळवू नका. टायमिंग मागे किंवा मिश्रण पातळ असेल तर पाइप लाल होतात आणि कोटिंग पहिल्याच दिवशी खवले सोडतं. ब्रेक-इनला जुने, टाकाऊ हेडर लावा. माइल्ड स्टीलच्या हेडरला कापडी पट्टी गुंडाळली की उष्णता आणि ओल दोन्ही आत कोंडतात, पट्टीखाली पत्रा गंजून पोखरतो. पट्टी लावायचीच असेल तर ती स्टार्टरजवळच्या फूटभर तुकड्यापुरती ठेवा. खरं तर तिथे पत्र्याची आडोशी ढाल जास्त चांगली.

आपल्याकडे बनवून घेताना

लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती होतात आणि तिथल्या चार सिलिंडरच्या गाड्यांचे हेडर बरेचदा गॅरेजमध्येच बनतात. सूत्र तेच. १,६०० सीसीच्या इंजिनात एका सिलिंडरला २४.४ क्युबिक इंच, त्याला दीड इंची १८ गेजचा पाइप टॉर्क ५,६०० च्या जवळ आणतो. सायलेन्सरवाल्याच्या साध्या मशीनवर वळवलेला पाइप बाकात चेपतो आणि सगळं गणित त्या चेपलेल्या जागी अडतं. मँड्रेलवर (चेपू नये म्हणून आत दांडा घालून) वळवलेले तयार बाक आणून जोडा. एसएस ३०४ वापरलं तर टिग वेल्ड करताना पाइपच्या आतही आरगॉन सोडायला सांगा. नाहीतर सांध्याच्या आत जळक्या साखरेसारखे खडे तयार होतात. ३०४ तापल्यावर माइल्ड स्टीलच्या जवळजवळ दीडपट पसरतं, त्यामुळे चार पाइप कलेक्टरला पक्के वेल्ड करण्याऐवजी सरकते सांधे ठेवून स्प्रिंगने धरले तर फ्लँजपाशी तडे जात नाहीत.

सगळं बसवून झाल्यावर इंजिन थंड असतानाच सुरू करा आणि मिनिटभराने बाटलीतून प्रत्येक प्रायमरीवर फ्लँजपासून चार बोटांवर पाण्याचा एक फवारा मारा. वाफ निघाली नाही तो सिलिंडर पेटत नाही. मग हेडर उतरवायच्या आधी त्याची प्लग वायर तपासा. बसवताना तीच सुटलेली असते.