समुद्राकाठी नोकरी लागली? खोलीआधी वारा पाहा

आमच्या यवतमाळकडून गोव्याला किंवा तमिळनाडूत नोकरीला निघालेली पोरं खोलीभाडं विचारतात, वारा विचारत नाहीत. विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाण्याचा खेळ, शिकायची हौस मग तशीच राहते. माझ्या पुतण्याचं हेच झालं.

गावातूनच एवढं करा:

१. फोनवर वारा दाखवणारं 'विंडी' हे अ‍ॅप घ्या, वाऱ्याचा वेग नॉटमध्ये ठेवा. १ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर.

२. त्या किनाऱ्याचा सकाळी ९ आणि दुपारी ४ चा वारा १५ दिवस वहीत लिहा. नवशिक्याला ८ ते १२ नॉट छान. गोव्यात उन्हाळ्यात वारा दुपारनंतर वाढतो, म्हणून रुजू होण्याआधीच सकाळची पाळी मागा. हे सगळ्यात महत्त्वाचं, नंतर बदलून घेणं जड जातं.

३. महिना पाहा. जून ते सप्टेंबर रामेश्वरमला नैऋत्येचा जोरदार वारा असतो, गोव्याचा समुद्र मात्र तेव्हा खवळलेला.

किनाऱ्यावर दिशा ओळखायला अ‍ॅप नको. तूर उफणताना पाहतो तसंच, मूठभर कोरडी रेती सोडा. ती समुद्राकडे उडाली तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. तो वारा आत लोटत नेतो, परत येणं कठीण होतं.