कंपवातात आवाज खाली जातो तेव्हा घरोघरी होणाऱ्या चुका

सांगली-मिरजेत कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं, निदान झालं की घरचे हाताची थरथर, चाल आणि तोल यांबद्दल डॉक्टरांना खोदून खोदून विचारतात. आवाजाचा विषय मात्र कुणी काढत नाही. या आजारात बहुतेकांच्या बोलण्यावर कधी ना कधी परिणाम होतो. आवाज खाली जातो, एकसुरी होतो, शब्द तोंडातल्या तोंडात राहतात. लवकर लक्ष दिलं तर यात बरंच करता येतं, म्हणून या चुका आधी टाळा.

"अहो, मोठ्यानं बोला की!"

दिवसातून वीसदा काकींकडून हे ऐकून आबा चिडतात. "मी नीटच बोलतोय, हिलाच ऐकू कमी येतंय," म्हणतात. हा हट्ट नव्हे, आजाराचाच भाग आहे. मेंदूत डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन कमी झालं की सगळ्याच हालचाली लहान होतात. अक्षर बारीक होतं, पाऊल आखूड पडतं, तशीच छाती, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांची हालचालही आक्रसते. त्यातून आपला आवाज केवढा आहे याचा मेंदूचा अंदाजही चुकतो. कुजबुजल्यासारखं बोलणं त्यांना नेहमीचं वाटतं आणि नेहमीच्या आवाजात बोललं की ओरडल्यासारखं वाटतं. अशा माणसाला नुसतं टोकून काय होणार?

त्याऐवजी मोबाइल हातभर अंतरावर ठेवा आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. मग तेच वाक्य "ओरडल्यासारखं वाटेल एवढ्या" आवाजात म्हणायला सांगा, तेही रेकॉर्ड करा. दोन्ही शेजारी बसून ऐका. दुसरं बोलणं ओरडणं नव्हतंच, चारचौघांसारखं होतं, हे त्यांना स्वतःच्या कानांनी कळतं. आणि हो, काकींचे कानही एकदा तपासून घ्या. दोघांचंही खरं असू शकतं.

एका वेळी दहा सूचना

हळू बोला, स्पष्ट बोला, तोंड उघडा, श्वास घ्या. एवढं सगळं एकदम सांभाळणं या आजारात फार जड जातं. एकच सूचना द्या: आवाज मोठा. आवाज वाढवला की तोंड आपोआप जास्त उघडतं, श्वासही भरून घेतला जातो, उच्चार सुधारतात. लॉरेन रॅमिग यांनी १९८७ मध्ये अमेरिकेत विकसित करायला घेतलेली एलएसव्हीटी लाउड ही पद्धत याच एका सूचनेवर उभी आहे. ली सिल्व्हरमन या पार्किन्सन्स असलेल्या बाईंचं नाव तिला दिलं आहे. आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे, शिवाय घरचा सराव. ब्रिटनमध्ये ३८८ जणांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आवाजामुळे होणारा त्रास या पद्धतीनं तिथल्या नेहमीच्या स्पीच थेरपीपेक्षा जास्त कमी झाला. म्हणूनच महिन्यातून एकदा थेरपिस्टकडे जाऊन "फरक पडत नाही" म्हणणं मला पटत नाही.

घरचा सराव साधा आहे: लांब "आऽऽ", मग पट्टी खाली-वर, मग रोज लागणारी दहा वाक्यं. "चहा टाक गं, साखर कमी घाल." "मिरजेची एसटी किती वाजता आहे?" १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं 'सीतास्वयंवर' नाटक रंगवलं त्या सांगलीत माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत बोलणं म्हणजे काय, हे सांगायला नको. तसंच बोलायचं, पण गळा ताणून नव्हे. सरावानंतर घसा दुखला किंवा बसला तर थांबा. सुरू करण्यापूर्वीच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घेतलेलं बरं.

काही जणांचं बोलणं मात्र सुसाट सुटतं, एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. तिथं मांडीवर बोटानं ठोका देत, एका ठोक्याला एक शब्द, असं बोलून पाहा.

ज्येष्ठमध, गुळण्या आणि गोळीची वाट

दोष घशात नाही, त्यामुळे ज्येष्ठमधानं आवाज परत येत नाही. डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळीनं हातपाय मोकळे होतात, पण आवाजाला तिचा गुण येईलच असं नाही. मनानं डोस वाढवू नका. गोळी लागू असते त्या वेळेत सराव आणि महत्त्वाचे फोन ठेवा. मेंदूत तार घालण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर बोलणं बिघडलं असेल तर डॉक्टरांना सांगा, त्या तारेला जोडलेल्या यंत्राचं सेटिंग बदलून पाहता येतं.

त्यांच्या वतीनं बोलणं

पाहुण्यानं "काय म्हणताय, बरं आहे ना?" विचारलं की मुलगाच उत्तर देऊन टाकतो. शब्द निघायला वेळ लागतो, तेवढं थांबा. चेहरा निर्विकार दिसतो म्हणून त्यांना रस नाही असं समजू नका. टीव्ही बंद करा, स्वयंपाकघरातून हाका मारू नका, समोर येऊन बोला.

ठसका "वयामुळे" म्हणून सोडून देणं

ही सगळ्यांत घातक चूक. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बरेचसे तेच. चहा पिताना ठसका, जेवल्यावर घोगरा-ओला आवाज, वजन घटणं, वरचेवर ताप आणि कफ, यांतलं काहीही दिसलं तर गिळण्याची तपासणी करून घ्या. कधी कधी ठसका न लागताही घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. तपासणी होईपर्यंत कोरडं, भुरभुरीत खाणं टाळा. आपलं भडंगही त्यातच आलं. ताठ बसवून, लहान घास, आणि जेवताना गप्पा नकोत.

ही तपासणी आणि आवाजाचे उपचार दोन्ही स्पीच थेरपिस्ट करतात. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी आहे का ते पाहा आणि पार्किन्सन्सच्या किती रुग्णांबरोबर काम केलंय हे सरळ विचारा, कारण बरेच जण मुख्यतः लहान मुलांबरोबर काम करतात. जत-आटपाडीहून आठवड्यातून चारदा येणं जमणार नसेल तर व्हिडिओ कॉलवरून उपचार होतील का तेही विचारा. महिना संपल्यावर रोजचा सराव सोडू नका, आणि सहा महिन्यांनी पुन्हा एकदा दाखवून या.