चळवळ करता करता विज्ञानकथा लिहायची असेल तर

विज्ञानकथा लिहायला लागले तेव्हा मी चळवळीत होतेच. दिवसा पत्रकं वाटायची, रात्री लिहायचं. पहिली दीर्घकथा पाण्यावर होती. घराघरात मीटर, माणशी मोजून पाणी आणि शेवटी उठाव. संपादकांनी ती परत पाठवली. समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं, "वॉल्व्ह बंद करणारा माणूस घरी गेल्यावर काय करतो?"

आठवडाभर धुसफुसत होते. मग त्याचं घर लिहायला घेतलं. मीटर त्याच्याही नळाला होता. स्वतःच्या वाट्याचं पाणी तो मुलीच्या बादलीत ओतत होता. वॉल्व्ह उघडा ठेवला तर शेवटच्या टोकाच्या वस्तीला थेंबही पोचणार नाही, हे त्याचं म्हणणं मला काही केल्या खोडता येईना. तिथून कथा उभी राहिली. तुम्हीही विरोधी बाजूच्या पात्राला तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम मुद्दा द्या. पत्रक लिहायची सवय असलेल्या हाताला हे फार जड जातं.

दोन्ही कामं एकत्र करणारे आपण पहिले नाही. बंगाली लेखिका बेगम रोकेया यांनी १९०५ साली बायकांच्या हाती कारभार असलेल्या, सूर्याची उष्णता वापरणाऱ्या देशाची कथा लिहिली. त्यात पुरुष पडद्यात आहेत. त्याच रोकेयांनी १९११ मध्ये कोलकात्यात आठ मुलींना घेऊन शाळा सुरू केली. मला कथेइतकीच ती शाळा महत्त्वाची वाटते. इंग्रज विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स १९२२ आणि १९२३ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षातर्फे निवडणुकीला उभे राहिले, दोन्ही वेळा हरले. लिहिणं थांबलं नाही.

पैशांसाठी दुसरं काम हाताशी ठेवा. निवडणुकीच्या दिवसांत लिखाण होत नाही, ते आधीच धरून चाला. राजकीय भाग गाळायला सांगितलं तर नेमकी कुठली ओळ आणि का, हे विचारा. कधी संपादक घाबरलेला असतो, कधी ती ओळ खरंच भाषण असते. सोबतच्या कार्यकर्त्यांची दुःखं मात्र विचारल्याशिवाय कथेत घेऊ नका. मी एकदा घेतली होती, ती मैत्रीण अजून बोलत नाही.

सभेहून आल्यावर मी मागच्या रांगेतून आलेले प्रश्न वहीत उतरवते. सध्याची कथा त्यातल्याच एकावर चालली आहे: "आपण जिंकलो, तर वॉल्व्हची चावी कुणाकडे राहणार?"