परसातला वाल: मृगात लावा, दिवाळीच्या सुमारास तोडा

वालाचा वेल लावणं सोपं असतं, अवघड असतं ते भाद्रपदात दम धरणं. मांडव पानांनी गच्च होतो आणि फुलाचा मात्र पत्ता नसतो. हा रोग नव्हे. गावरान वेलाचा वाल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाही. जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये, फूल दिसणार साधारण ऑक्टोबरच्या आसपासच. लवकर लावला तर तोवर वेल मोठा होतो आणि शेंगा जास्त लागतात, एवढाच फरक. इतर दिवसांतही शेंगा हव्या असतील तर अर्का जय, अर्का विजय ही झुडपी वाणं घ्या. त्यांना दिवसाच्या लांबीचं बंधन नाही, मांडवही लागत नाही.

खड्डा

मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तापू द्या. निघालेल्या मातीत दोन घमेली शेणखत, अर्धं घमेलं वाळू किंवा बारीक मुरूम आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं, कच्च्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. भरताना खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा. आपली काळी माती पाणी धरून बसते. झड लागली की मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात आणि वेल बसतो. परसातला वाल मरतो तो बहुधा यामुळेच.

पेरणी

मृगाचा पहिला शिडकावा पाहून घाई करू नका. जमीन वीतभर ओली झाली की बी 5-6 तास भिजवून लावा. रात्रभर भिजवलेलं बी ओल्या मातीत कुजतं. एका खड्ड्यात 4 बिया, 1 इंच खोल. आठवडाभरात उगवतात; दोन जोमदार रोपं ठेवून बाकीची कात्रीनं कापा. उपटली तर शेजारच्याची मुळं दुखावतात. दोन खड्ड्यांत 5-6 फूट अंतर ठेवा. चार माणसांच्या घराला दोन खड्डे पुरतात.

मांडव

बांबू किंवा बोर-बाभळीचे खांब दीड फूट खोल गाडा. उंची हात पोचेल एवढीच, सहा फूट. कोवळ्या वेलाला चढायला दोन-तीन तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) तिरप्या लावा. पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) मात्र नकोत, त्यांच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. शेंडा मांडवावर पोचला की खुडा, म्हणजे फांद्या फुटतात.

फूल येईपर्यंत आणि नंतर

वाढ हवी म्हणून युरिया टाकू नका. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. वरून आणखी दिलात तर नुसता पाला माजतो. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला तर आठवड्यातून दोनदा आळं भरा. फुलं लागल्यावर ओल अगदी सुकू देऊ नका, नाहीतर फुलं गळतात.

ढगाळ हवेत कोवळ्या शेंड्यांवर आणि तुऱ्यांवर काळा मावा येतो. वेलावर मुंग्यांची रांग दिसली की समजा, मावा आला. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. तेवढ्यानं भागलं नाही तर 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवा, गाळून चिमूटभर साबणचुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. फुलं जाळीनं चिकटलेली दिसली तर आत अळी असते. तो तुरा खुडून नष्ट करा.

तोडणी

शेंग पूर्ण लांब झाली, पण दाणे वरून फुगलेले दिसत नाहीत, तेव्हा तोडा. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फेरी हवी. निबर शेंगा वेलावर राहिल्या की नवी फुलं कमी होतात. शेंग देठापाशी खुडा, तुऱ्याचा दांडा ओढू नका. त्याच दांड्यावर पुढची फुलं यायची असतात. दाण्यासाठी वाळवलेले वाल भिजवून, ते पाणी फेकून, भरपूर शिजवूनच खा, कच्चे बाधतात.

बियाण्यासाठी सुरुवातीच्या बहरातल्या 15-20 निरोगी शेंगा वेलावरच वाळू द्या. बी कडक वाळवून गोवरीच्या चाळलेल्या राखेत मिसळा आणि डबा घट्ट बंद करा; ओल राहिली तर भुंगा लागतो. फेब्रुवारीच्या अखेरीस वेल जमिनीलगत कापून शेळ्यांना घाला. मुळं तशीच मातीत राहू द्या, त्याच जागी उन्हाळी पालेभाजी चांगली येते.