मुंबई–लंडन साडेचार तासांत? विमानप्रवासाचा हिशेब करताना या चुका टाळा

मावशीच्या हातात लंडनचं तिकीट पडलं आणि तिने तिथल्या तिथे हिशेब केला. दुपारी सव्वा वाजता मुंबईहून उड्डाण, पावणेसहाला हीथ्रो. "साडेचार तास! आपल्याला सावंतवाडीला जायला याच्या दुप्पट लागतात."

वजाबाकी बरोबर होती, घड्याळं मात्र दोन होती. तिकिटावर निघण्याची वेळ निघायच्या गावाची आणि पोचण्याची पोचायच्या गावाची छापतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे प्रवास दहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे सरकतात. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासच. मागच्या खेपेचा फरक डोक्यात ठेवलात तर हिशेब तासाने फसलाच. येताना बहुधा वारा पाठीशी असतो, म्हणून तेच अंतर तासभर आधी कापलं जातं. जाण्याची वेळ येण्याला लावू नका.

दुसरी चूक शाळेतल्या गणिताची: अंतर भागिले वेग. मुंबई–दिल्ली हवाई अंतर साधारण १,१४० किलोमीटर. ताशी साडेआठशेच्या वेगाने एक तास वीस मिनिटं यायला हवीत. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास दिसतात. कारण ती वेळ गेटपासून गेटपर्यंतची. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं आणि विमानांची रांग लागते. खिडकीतून पुढच्या विमानांची शेपटं मोजत बसायचं. शिवाय चढता-उतरताना वेग कमी, आणि दिल्लीवर गर्दी असली तर वर घिरट्या.

आकडा मैलांत असेल तर कोणते मैल ते बघा. साधा मैल १.६०९ किलोमीटर, विमानवाल्यांचा नॉटिकल मैल १.८५२.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढणारेही भेटतात. मुंबई–न्यूयॉर्क अशी रेघ ओढली तर ती उत्तर आफ्रिकेवरून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो नॉर्वे-स्वीडनवरून जातो आणि तोच जवळचा रस्ता, सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचा. अर्थात विमान दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांना मोठा वळसा पडला.

गोव्याला जाताना विमानतळ कोणता, मोपा की दाबोळी, हे आधी बघा. मालवण-वेंगुर्ल्याला मोपा सोयीचं. काणकोणला जायचं असेल तर मोपाहून अख्खा गोवा उभा कापावा लागतो.

सगळ्यात महाग चूक मध्यरात्रीची. परदेशची बरीच विमानं मुंबईहून रात्री बारानंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, ००:३० असेल तर घरातून १४ला संध्याकाळीच निघायचं. आमच्या शेजारचे काका १५ला रात्री साडेनऊला, लोणच्याच्या बरण्या कपड्यांत नीट गुंडाळून, वेळेच्या तीन तास आधी म्हणून ऐटीत काउंटरवर पोचले. विमान एकवीस तासांपूर्वीच गेलं होतं.