औद्योगिकीकरणाचा उगम कसा अभ्यासावा

औद्योगिक क्रांतीचा अभ्यास बहुतेक जण शोध, संशोधक आणि सन यांच्या तक्त्यापासून सुरू करतात. तक्ता पाठ होतो, पण एका शोधामागून दुसरा का आला याचा उलगडा त्यातून होत नाही. त्यापेक्षा एकच धंदा निवडावा, त्यात काम नेमके कुठे अडत होते ते शोधावे आणि तिथली अडचण सुटल्यावर ती पुढे कुठे सरकली याचा माग काढावा. इंग्लंडमधील सुती कापडाचा धंदा यासाठी सर्वांत सोयीचा आहे.

सुरुवात यंत्रांपूर्वीच्या उत्पादनापासून करावी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या वायव्येकडील लँकशायर परगण्यात व्यापारी कापूस किंवा सूत घरोघर पोहोचवीत, बायका-मुले सूत कातीत, पुरुष बहुधा मागावर बसत आणि तयार कापड व्यापारी घेऊन जात. माल व्यापाऱ्याचा, माग बहुधा विणकराचा आणि कामाची वेळ कुटुंबाच्या सोयीची, या तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात, कारण पुढे कारखान्यात तिन्हींवर मालकाचा ताबा आला.

त्यानंतर अडचणींची साखळी जुळवावी. जुन्या मागावर विणकराला धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारे साधन, एका हातातून दुसऱ्या हातात फेकावा लागे, त्यामुळे रुंद पन्ह्याच्या कापडाला दोन माणसे लागत. जॉन के याने 1733 मध्ये धोट्यासाठी मागावर धाव तयार केली आणि दोरीच्या झटक्याने तो इकडून तिकडे पळू लागला. विणकाम वेगाने होऊ लागले. एका विणकराला आधीच अनेक कातणाऱ्यांचे सूत लागत असे, आता ती टंचाई अधिक जाणवू लागली. जेम्स हारग्रीव्हजने 1764 च्या सुमारास तयार केलेल्या जेनी या सूतकताई यंत्रात एका चाकावर आरंभी आठ चात्या (सूत गुंडाळणाऱ्या काड्या) फिरत, पण तिचे सूत मऊ असल्याने ते बाण्यालाच, म्हणजे कापडाच्या आडव्या धाग्यांनाच, चाले. ताण सोसणाऱ्या ताण्यासाठी, म्हणजे उभ्या धाग्यांसाठी, घट्ट पिळाचे सूत हवे होते. ते रिचर्ड आर्कराइटच्या 1769 च्या यंत्राने दिले. त्यात रुळांच्या जोड्या एकापुढे एक बसवलेल्या होत्या आणि पुढची जोडी मागचीपेक्षा वेगाने फिरत असल्याने कापूस ओढला जाऊन बारीक होत असे. सॅम्युएल क्रॉम्प्टनने 1779 मध्ये या दोन्ही रीती एकत्र करून बारीक आणि मजबूत सूत काढले.

आता सूत मुबलक झाले आणि विणकाम मागे पडले. एडमंड कार्टराइटने 1785 मध्ये यंत्रमागाचे पेटंट घेतले. मात्र इथे शोधाचे वर्ष आणि प्रसाराचे वर्ष वेगळ्या रकान्यांत लिहावे. ब्रिटनमध्ये 1813 साली सुमारे 2,400 यंत्रमाग होते, तर 1833 पर्यंत त्यांची संख्या सुमारे 1 लाखावर गेली. मधल्या काळात स्वस्त सुतामुळे हातमागाचे काम आधी वाढले आणि मग विणकरांची मजुरी कोसळली. कच्च्या मालाचीही नोंद याच साखळीत करावी: एली व्हिटनीच्या 1793 च्या सरकी काढण्याच्या यंत्रानंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामांच्या श्रमावर कापसाची लागवड झपाट्याने पसरली आणि लँकशायरच्या गिरण्या तिच्यावर अवलंबून राहिल्या. हा दुवा गाळलेले वर्णन अपुरे समजावे.

यंत्र कशावर चालत होते, हा पुढचा प्रश्न. जेनी घरात मावत असे आणि हाताने चालत असे. आर्कराइटच्या यंत्राला मात्र पाण्याचा प्रवाह लागे, म्हणून 1771 मध्ये डर्बीशायरमधील क्रॉमफर्ड येथे त्याची गिरणी उभी राहिली. म्हणजे कापडधंद्यात कारखाना आला तो वाफेच्या आधी. वाफेचा इतिहास खाणींतून येतो. थॉमस न्यूकोमेनचे 1712 चे यंत्र खाणीतील पाणी उपसण्यासाठी होते. त्यात प्रत्येक फेरीला सिलिंडर थंड पाण्याने गार करून पुन्हा तापवावा लागे आणि कोळसा भरमसाट जळे. जेम्स वॉटने वाफ गार करण्याचे पात्र वेगळे केले, ज्याचे पेटंट 1769 चे आहे. पण अचूक गोल सिलिंडर मिळाल्यावाचून वाफेची गळती थांबेना, आणि तो जॉन विल्किन्सनच्या 1774 च्या छिद्रण यंत्रामुळे मिळाला. वॉटने वाफेचे इंजिन शोधले, हे वाक्य टिपणात असेल तर खोडून टाकावे.

हे ब्रिटनमध्येच का घडले, याची कारणे तपासताना प्रत्येक कारणापुढे एक प्रश्न लिहावा: हे इतरत्रही होते का? भांडवल आणि व्यापार हॉलंडमध्येही होता, कोळसा चीनमध्येही होता. उथळ खाणींतला स्वस्त कोळसा, युरोपच्या मानाने चढी मजुरी आणि समुद्रापारची बाजारपेठ यांचा एकत्र मेळ हे स्पष्टीकरण मला अधिक पटते, कारण मजूर महाग आणि इंधन स्वस्त असेल तेव्हाच यंत्रावर पैसा घालणे परवडते. त्याला भारतीय कापडाची बाजू जोडावी. भारतातून येणाऱ्या छापील सुती कापडावर 1700 च्या कायद्याने बंदी आली, 1721 मध्ये अशा कापडाच्या वापरावरही बहुतांशी निर्बंध आले, आणि 1774 मध्ये ब्रिटनमध्ये विणलेल्या सुती कापडाला त्यातून मोकळीक मिळाली.

शेवटी कामगारांकडे वळावे. 1833 च्या कायद्याने कापड गिरण्यांत 9 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि निरीक्षक नेमले. कायदा ज्याला मनाई करतो ते त्याआधी घडत होते, असे धरून तो वाचावा. 1811 मध्ये नॉटिंगहॅम परिसरात सुरू झालेल्या यंत्रफोडीबाबत विशेष काळजी घ्यावी. तिथे फोडले गेलेले मोजे विणण्याचे माग हाताने चालणारे होते आणि त्या जातीचा पहिला माग 1589 चा आहे. कारागिरांचा राग घसरलेली मजुरी आणि हलक्या प्रतीचा माल काढणारे मालक यांच्यावर होता. म्हणून या उठावाचे कारण लिहिताना नवे यंत्र असा शेरा न मारता मजुरीच्या दरांची नोंद शोधावी, आणि यंत्रफोडीला फाशीची शिक्षा ठरवणारा 1812 चा कायदा तिच्याशेजारी मांडावा.